रोलबॅकराव

आमच्या कंपनीत बाकी सगळे सुट्टी मागतात, रोलबॅकराव रात्र मागतात. वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. शनिवारची रात्र, अकरा ते पहाटे चार. तेवढ्या वेळात राउटरचं सॉफ्टवेअर बदलायचं असतं. पण ती रात्र सहजासहजी मिळत नाही, कारण ती देणारे आम्ही अकाउंट्सवाले. सात तारखेला टीडीएस भरायचा असतो, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआयसी, वीसला ३-बी. त्यानंतर पगाराची गडबड आणि महिनाअखेरीला डिस्पॅचची. मार्च पूर्ण वर्ज्य. सप्टेंबरात ऑडिट. दिवाळीआधी सेल्सवाले कशालाच हात लावू देत नाहीत. एवढं सगळं टाळून एखादा शनिवार हाती लागलाच, तर परचेसमधलं कुणीतरी कॅलेंडर उघडून म्हणतं, "त्या दिवशी अमावस्या आहे हो." रोलबॅकरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ते तसं स्पष्ट सांगतात, आणि पुढचा शनिवार मागतात.

त्यांचं खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, पण ते ओळखपत्र कायम उलटं लटकत असतं. 'रोलबॅकराव' हे नाव ट्रेनी पोरांनी ठेवलं. कुठलंही काम हातात घेण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "रोलबॅक प्लॅन काय?" म्हणजे जमलं नाही, तर होतो तिथे परत कसं यायचं? राउटरच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. पण ऑफिसची सहल महाबळेश्वरला न्यायची ठरली तेव्हाही त्यांनी तो विचारला. स्टोअर्समधल्या एकाच्या साखरपुड्यातही विचारला, तोही वधूपिता ताट वाढून घेत शेजारी उभे असताना. मनात काही वाईट नव्हतं. काळजीपोटीच विचारलं होतं.

माणूस पंचेचाळिशीचा, सडपातळ, बोलणं हळू. 'होईल' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. 'व्हायला हरकत नसावी' इथपर्यंत ते येतात. खांद्याला एक काळी बॅग असते. तिच्यात फिकट निळ्या रंगाची, चपटी कन्सोल केबल. हल्लीच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतो, म्हणून ती जोडायला एक यूएसबी अडॅप्टर. तो अडॅप्टर ऐनवेळी रुसला तर, म्हणून दुसरा. टॉर्च, पेनड्राइव्ह, डोकेदुखीची गोळी, आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम कार्डं घातलेले दोन फोन. दोन फोनांमागे कॅनडातली एक हकिगत आहे. तिच्याकडे येतोच.

लोकांना वाटतं, या माणसाला अपग्रेडची हौस आहे. साफ चूक. चालत्या यंत्राला हात लावणं त्यांच्या जिवावर येतं. राउटरच्या काळ्या स्क्रीनवर एक आज्ञा दिली की तो न थांबता किती वर्षं, आठवडे, दिवस, तास आणि मिनिटं चालू आहे, ते छापून दाखवतो. पूर्वी रोलबॅकराव आल्यागेल्याला तो आकडा दाखवायचे. आमच्या मुख्य राउटरने तीन वर्षं पूर्ण केली त्या दिवशी त्यांनी विभागात पेढे वाटले. कशाचे पेढे, हे कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, मुलगी पास झाली.

ही श्रद्धा २०१७ साली ढळली. सिस्कोने त्या वर्षी जाहीर केलं की त्यांच्या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांमध्ये एक दोष आहे. यंत्र सलग २१३ दिवस चालू राहिलं की त्यातून काहीच पुढे जात नाही. बाहेरून दिवे लागलेले, पंखा फिरतोय, आत सगळं ठप्प. उपाय दोन: सॉफ्टवेअर बदला, नाहीतर २१३ दिवस भरायच्या आत एकदा बंद करून चालू करा. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. तरीही रोलबॅकराव दोन दिवस डबा अर्धा ठेवत होते. इमानेइतबारे न थांबता चालणाऱ्यालाच शिक्षा, हे त्यांच्या हिशेबात बसेना. पेढे तेव्हापासून बंद झाले.

दुसरा धक्का १६ ऑक्टोबर २०२३ चा. सिस्कोच्या आयओएस एक्सई या राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठं भगदाड सापडलं. राउटरची मांडणी ब्राउझरमधून करता यावी म्हणून जे वेबपान दिलेलं असतं, त्यातूनच बाहेरचा कुणीही, पासवर्ड नसताना, आत सर्वाधिकार असलेलं खातं उघडू शकत होता. गांभीर्याचे गुण दहापैकी दहा. जगभरात हजारोंच्या संख्येने यंत्रांमध्ये चोर आधीच शिरून बसले होते. दुरुस्त आवृत्ती यायला आठवडाभर लागला. तोवर सल्ला एकच, ते पान बंद ठेवा. आमच्याकडे ते पहिल्या दिवसापासून बंद होतं. रोलबॅकरावांच्या मते राउटरशी काळ्या स्क्रीनवर, टाइप करून, मर्यादेने बोलायचं असतं. ब्राउझरमध्ये रंगीत बटणं दाबून नव्हे. इतकी वर्षं पोरं या मताला हसत होती. त्या आठवड्यात हसणं थांबलं. त्या साली दसरा २४ ऑक्टोबरला होता. यंत्रपूजेच्या दिवशी सर्व्हर रूममध्ये दरवर्षी रोलबॅकरावांचा पहारा असतो. हळदकुंकू दारावरच, नारळ बाहेर पायरीवर, आणि झेंडूची माळ राउटरच्या हवेच्या जाळीवर येता कामा नये. त्या वर्षी पहारा होता, पण चेहरा प्रसन्न होता. दुपारी त्यांनी दुसरी जिलबी मागून घेतली.

तेव्हा अपग्रेड ही हौस नाही. भोक जाहीर झालं की ती सूचना आपण वाचतो तशी चोरही वाचतात, म्हणून ते करावं लागतं. पण कुठली आवृत्ती घ्यायची? इथे रोलबॅकरावांचा खरा कस लागतो. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक टिपण येतं. त्यात दोन याद्या असतात, दुरुस्त झालेल्या दोषांची आणि अजून तसेच असलेल्या दोषांची. सामान्य इंजिनिअर पहिली यादी वाचून खूश होतो. रोलबॅकराव दुसरीपासून सुरुवात करतात, तीही छापून, लाल पेन घेऊन. 'विशिष्ट परिस्थितीत यंत्र अनपेक्षितपणे रीलोड होऊ शकतं.' विशिष्ट म्हणजे कुठल्या? लिहिलेलं नसतं. 'पर्यायी उपाय: नाही.' या शब्दांखाली ते दोन रेघा ओढतात. कंपनीच्या डाउनलोडच्या पानावर शिफारस केलेल्या आवृत्तीपुढे सोनेरी तारा असतो. तारा उगवला तरी काही महिने ते थांबतात. नवीन आवृत्ती आधी जगाने वापरावी, जगाला काय व्हायचं ते होऊ द्यावं, आणि मग आपण सावकाश जावं, असं त्यांचं धोरण. शेवटी शून्य असलेल्या आवृत्तीकडे तर ते बघतही नाहीत.

मदतीसाठी फोन करायची सोय असते म्हणा. पण तिथला मुलगा तक्रार ऐकून आधी म्हणतो, "सर, लेटेस्ट व्हर्जनवर या." ही सगळी यातायात करून तिथे पोचावं, नवी तक्रार सांगावी, तर म्हणतो, "हा या व्हर्जनमधला माहीत असलेला बग आहे सर, जुन्यावर जा." असा फोन ठेवला की रोलबॅकराव काही बोलत नाहीत. लाल पेनाचं टोपण तेवढं घट्ट लावतात.

मग फॉर्म. आमच्याकडे बदलांना मंजुरी देणारी समिती आहे. बुधवारी बसते आणि तिच्यात रोलबॅकराव सोडून राउटर पाहिलेला कुणी नाही. फॉर्मवर एक रकाना आहे: धोका किती? हाय, मीडियम, लो. 'हाय' लिहिलं तर डायरेक्टरांची सही लागते, म्हणून समितीला सगळं 'लो' हवं असतं. इथे रोलबॅकराव कॅनडाचं आख्यान लावतात. रॉजर्स ही तिथली मोठी टेलिफोन कंपनी. मुख्य नेटवर्कचं अपग्रेड सात टप्प्यांत करायला घेतलं. सुरुवातीला धोका 'हाय' धरला होता. पाच टप्पे सुरळीत पार पडले, तेव्हा सहाव्याला त्यांच्याच पद्धतीने तो 'लो' ठरवला. ८ जुलै २०२२ ला पहाटे एका राउटरवरची गाळणी काढली गेली, मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर कोसळला आणि ते बसले. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद. डेबिट कार्डं चालेनात. काही जणांना आणीबाणीचा नंबरही लागेना. दुरुस्त कोण करणार? कंपनीचे इंजिनिअर. त्यांचे फोन कुठल्या कंपनीचे? याच. एकमेकांना गाठायचीच सोय राहिली नाही. देश सावरायला दिवसाहून जास्त वेळ गेला.

एवढं सांगून रोलबॅकराव दोन्ही फोन खिशातून काढून टेबलावर ठेवतात. समिती थोडा वेळ गप्प बसते. मग एचआरच्या बाई विचारतात, "पण आपलं 'लो'च ना?" रोलबॅकराव 'लो' लिहितात. पेन्सिलीने.

काम झाल्यावर सगळं नीट चाललंय अशी सही करायला कुणीतरी 'बिझनेस'चा माणूस लागतो. एकदा तो मान मला मिळाला. चाकणला रात्री अकरा वाजता मी पोचलो. सर्व्हर रूममध्ये एसीने हाडं गोठत होती. रोलबॅकराव स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेले, सोबत एक ट्रेनी, आणि टेबलावर चहाचे दोन थर्मास. मी दुसऱ्याला हात लावला, तर ट्रेनी दबक्या आवाजात म्हणाला, "तो नको सर, तो स्टँडबाय आहे."

आधी फाइल राउटरमध्ये उतरवायची. काही शे मेगाबाइटची फाइल, नाव एवढं लांब की स्क्रीनवर एका ओळीत मावेना. ती जात असताना स्क्रीनवर उद्गारचिन्हं उमटतात. एक चिन्ह म्हणजे दहा पॅकेट सुखरूप पोचली. रोलबॅकरावांच्या मेलमध्ये उद्गारचिन्ह कुणी पाहिलेलं नाही. बोनसच्या मेललासुद्धा त्यांनी 'मिळाला' एवढंच उत्तर दिलं होतं. इथे मात्र ओळींमागून ओळी धावत होत्या आणि ते एकटक बघत होते. मध्येच एक टिंब आलं. टिंब म्हणजे पोचायला उशीर झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढे परत उद्गारचिन्हं. तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

मग फाइल वाटेत बिघडली नाही ना, याची तपासणी. फाइलमधून बत्तीस अक्षरांची एक ओळख निघते, ती कंपनीने छापलेल्या ओळखीशी जुळली पाहिजे. राउटर हे स्वतः जुळवून सांगतो, आणि त्याने सांगितलंही. तरीही ट्रेनीने कागदावरून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि रोलबॅकरावांनी स्क्रीनवर बोट ठेवून 'हं' म्हटलं. बत्तीस वेळा. ट्रेनीने वेग वाढवला तेव्हा पहिल्यापासून.

जुनी फाइल पुसायची नाही. राउटरला दोन ओळी लिहून द्यायच्या: आधी नव्या फाइलवर सुरू हो, नाही जमलं तर जुनीवर. बाहेर मंगलाष्टकं चालू आहेत आणि आतल्या खोलीत दुसरा नवरदेव मुंडावळ्या बांधून बसवलाय, असा तो प्रकार. नंतर सेव्ह. हेही महत्त्वाचं, कारण राउटरला सांगितलेलं सगळं चालू स्मरणात राहतं, आणि सेव्ह केलं नाही तर वीज गेल्यासरशी तो ते विसरतो. रोलबॅकरावांनी तीनदा सेव्ह केलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

शेवटी रीलोड. राउटर विचारतो, नक्की? एंटर रोलबॅकराव स्वतः दाबतात. उद्या काही झालं तर पोराचं नाव यायला नको. एंटर दाबलं आणि शेजारच्या खिडकीत दर क्षणाला 'तू आहेस का?' म्हणून विचारणारी पिंगची ओळ मुकी झाली. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.' पुन्हा तेच. पुन्हा तेच. मोठ्या राउटरला उठायला पाच ते दहा मिनिटं लागतात. नुसत्या 'रॉममॉन' या पाटीवर येऊन थांबला तर त्याला सॉफ्टवेअरच सापडलेलं नाही, आणि मग रविवार गेला.

या मिनिटांत रोलबॅकराव बोलतात! एरवी वर्षभर मोजून शब्द वापरणारा माणूस धबाधबा बोलत सुटला. संगमेश्वरजवळचं गाव, आजोबांनी लावलेली हापूसची कलमं, गणिताचे मास्तर, आणि धाकटे काका. हे काका एकदा पैजेपायी अमावस्येच्या रात्री गावाबाहेरच्या विहिरीत उतरले. कंदील घेऊन. निम्म्या पायऱ्या उतरले आणि खालून कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली. काकांनी कंदील वर केला, तर...

"रिप्लाय," ट्रेनी म्हणाला.

रोलबॅकराव थांबले, ते थांबलेच. स्क्रीनकडे वळले, आवृत्ती तपासली, जोडण्या मोजल्या, आधी काढून ठेवलेल्या कागदाशी एकेक आकडा ताडून पाहिला. काकांचं काय झालं, हे मी नंतर तीनदा विचारलं. "सांगू कधीतरी," म्हणतात. पुढचं अपग्रेड जानेवारीत आहे. मी टेस्टिंगला नाव दिलं आहे.

मी ईआरपी उघडलं, नागपूर डेपोचा स्टॉक पाहिला, ई-वे बिलाचं पान उघडून खात्री केली, कारण ते निघालं नाही तर रविवारी सकाळी गेटवर ट्रक उभे राहतात. सही केली. आता एकच काम उरलं होतं. नव्या आवृत्तीबरोबर नागपूरच्या राउटरची थोडी मांडणी बदलायची होती, इथे बसून, सातशे किलोमीटरवरून. अशा कामात एक जोखीम असते. आपलीच आज्ञा चुकून आपल्यालाच बाहेर ठेवू शकते, आणि मग आत शिरायला नागपूरला जावं लागतं. त्यावर जुन्या लोकांनी एक तोड काढून ठेवली आहे. आधी राउटरला सांगायचं, पंधरा मिनिटांनी रीलोड हो. मग बदल करायचे, पण सेव्ह करायचे नाहीत. आपण बाहेर पडलोच, तर पंधरा मिनिटांनी तो उठतो, नवं सगळं विसरतो आणि जुन्या मांडणीवर येतो. बदल नीट बसले, तर रीलोड रद्द करायचं आणि सेव्ह करायचं. रोलबॅकरावांचा हा आवडता डाव.

बदल पहिल्या झटक्यात बसले. नागपूर दिसू लागलं. रोलबॅकरावांनी रद्द करण्यासाठी कीबोर्डकडे हात नेला आणि फोन वाजला. आयटीचे हेड. त्यांना झोप येत नव्हती. "मानलं तुम्हाला! खरं सांगतो, तुमच्यामुळे मी रात्री निर्धास्त असतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत रोलबॅकरावांचं कुणी कौतुक केलं नव्हतं. करणार कसं? त्यांचं काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोण कुणाला फोन करतं? ते उभे राहिले. कानटोपी काढली. "नाही सर... हो सर... टीमचं काम आहे सर..." ट्रेनी, म्हणजे टीम, वडापावचा कागद चुरगाळत होता. हेडसाहेब पुढे म्हणाले की दिवाळीत डायरेक्टरांच्या कानावर घालतो. रोलबॅकरावांचे कान लाल झाले. आणि नागपूर गेलं.

पंधरा मिनिटं भरली होती. राउटर आज्ञाधारकपणे रीलोड झाला, नवं सगळं विसरला आणि जुन्या मांडणीवर येऊन उभा राहिला. त्यांच्या कारकिर्दीत रोलबॅक प्लॅन इतका बिनचूक अमलात आलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. ते काही बोलले नाहीत. स्टँडबाय थर्मास उघडला, अर्धा कप प्यायले आणि सगळं पहिल्यापासून केलं. दहा-बारा मिनिटांचं काम. पण तेव्हापासून कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं की ते हात वर करून म्हणतात, "एक मिनिट, आधी काही चालू आहे का बघतो."

घरी त्यांचं काय चालतं, ते मला त्यांच्या मुलीकडून कळलं. नववीत आहे. घरातल्या वायफाय राउटरची अपडेट आल्याची खूण तिला मोबाइलच्या ॲपवर दिसली. तिने बटण दाबलं. तीन मिनिटांत राउटर बंद होऊन परत चालू. तेवढ्यात बाबा आंघोळीहून आले. "बॅकअप घेतलास?" "कशाचा?" "कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलीस?" "बाबा, हिरवा दिवा लागलाय ना?" रोलबॅकराव टॉवेल गुंडाळून त्या हिरव्या दिव्याकडे बघत पाच मिनिटं उभे होते. मग आत जाऊन पूजेला बसले.

मात्र गंमत खरी असते ती अपग्रेडनंतरच्या सोमवारी. त्या दिवशी कंपनीत जे जे बिघडतं, ते शनिवारच्या रात्रीमुळेच. प्रिंटरचा कागद अडकला, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबेना, कॅन्टीनचा वॉटर कूलर गार पाणी देईना. सगळ्यांचं वाक्य एक: "शनिवारी तुम्ही काहीतरी केलंत, तेव्हापासून..." रोलबॅकराव प्रत्येक तक्रार रजिस्टरमध्ये लिहून घेतात आणि प्रत्येक जागी जातात. कूलरपाशीसुद्धा.

त्या सोमवारी गेटवरचं अंगठ्याचं मशीन वॉचमनला ओळखेना. वॉचमन म्हणाला, "साहेब, नेट बदललंत ना तुम्ही, त्याला माझा अंगठा आठवंना झालाय." रोलबॅकरावांनी मशीन चारी बाजूंनी पाहिलं, वायर तपासली, मग खिशातून रुमाल काढून काच पुसली. वॉचमनचा अंगठा पटकन लागला. परत येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. तक्रार: अंगठा लागत नाही. कारण: काचेवर तेल. उपाय: रुमाल. पुढचा रकाना रोलबॅक प्लॅनचा होता. मी म्हटलं, "काच पुसण्याला कसला आलाय रोलबॅक साहेब, सोडा तो कोरा." त्यांनी पेन हनुवटीला लावून थोडा विचार केला आणि लिहिलं: 'सह्यांचं मस्टर.'

मला हसू आलं. ते मस्टर अंगठ्याचं मशीन आलं तेव्हाच रद्दीत गेलं होतं. निदान आम्हा सगळ्यांची तशी समजूत होती. रोलबॅकरावांनी खालचा ड्रॉवर ओढला. आत मस्टर होतं. चालू महिन्याचं पान आखलेलं, सगळ्यांची नावं लिहिलेली, कडेला दोरीने पेन बांधलेलं.